जस्ताचें एक दाहक लवण

(नभोवाणीवरील भाषण)



जस्त हा धातु आपल्या इतक्या परिचयाचा आहे कीं, त्याच्यापासून कोणास अपाय होईल ही कल्पनाहि सहसा मनांत येत नाहीं. गोठ्यावरचा पत्रा, विहिरीवरची बादली, नळाची लोखंडी नळी, या सर्वांवर जस्ताचाच मुलामा असतो. देवघरांतील पितळेची समई म्हणजे तांबें व जस्त यांचें मिश्रण. वरणगांवच्या लोकांचा तर या धातूशीं आणखीहि एक संबंध आहे. भुसावळ तालुक्यांतील या गांवीं १९६४ सालीं संरक्षण खात्याचा काडतुसांचा कारखाना निघाला. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीच्या ताब्यांत आहे. बंदुकीच्या काडतुसाचें कवच ज्या पितळेचें करतात, त्यांत शंभर भागांपैकीं सुमारें सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त असतें. तेव्हां या गांवांतील कित्येक घरांची चूल पितळेच्या आधारानें पेटते असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं.

परंतु आज मला धातूविषयीं बोलावयाचें नसून, त्याच्या एका लवणाविषयीं बोलावयाचें आहे. शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या रसायनशाळेंत गेलांत तर फळीवर 'झिंक' या नांवानें आरंभ होणाऱ्या तीन-चार बाटल्या शेजारीं शेजारीं उभ्या असलेल्या दिसतील. झिंक ऑक्साइड, झिंक सल्फेट आणि झिंक क्लोराइड हीं त्यांतील मुख्य. तिन्ही पदार्थ पांढरे, तिन्हींचें नांव जवळजवळ सारखें; परंतु स्वभाव मात्र अगदीं निरनिराळे. ऑक्साइड हें त्वचेला लावावयाच्या मलमांत घालतात. सल्फेट हें शेतकऱ्यांच्या ओळखीचें आहे. ज्या जमिनींत जस्ताची उणीव असते तेथें केळीला व कपाशीला तें खत म्हणून देतात. इतकेंच काय, जुलाब झालेल्या लहान मुलांना जलसंजीवनीबरोबर जस्ताची गोळी द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं २००४ सालीं केली. सहा महिन्यांवरील मुलास रोज २० मिलिग्रॅम याप्रमाणें दहा ते चौदा दिवस ती देतात, आणि तिनें आजार लवकर आटोक्यांत येतो. अशा उपकारक भावंडांच्या रांगेंत तिसरी बाटली उभी असते, ती झिंक क्लोराइडाची. तिच्यांतील पदार्थ मात्र कातडी जाळणारा, डोळा निकामी करणारा आणि त्याचा धूर छातींत गेल्यास जिवावर बेतणारा असा आहे. नांवांतील साम्यामुळें माणसें फसतात, म्हणूनच त्याची स्वतंत्र ओळख करून घेणें अवश्य आहे.

हें लवण तयार कसें होतें हें पाहिलें म्हणजे त्याचा स्वभाव समजण्यास सोपें जातें. जस्ताचे तुकडे हायड्रोक्लोरिक आम्लांत टाकले असतां आम्ल खदखदूं लागतें, हायड्रोजन वायु निघून जातो आणि पाण्यांत झिंक क्लोराइड विरघळलेल्या स्थितींत उरतें. पत्र्याचे डबे, कंदील, चाळण्या यांना डाख देणारे कारागीर हीच क्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. बाटलींतील तेजाबांत ते जस्ताचे तुकडे टाकतात, खदखद थांबली कीं आम्ल 'मेलें' असें समजतात, आणि तें पाणी सांध्यावर लावून मग डाख ओततात. धातूवरचा गंज त्या पाण्यानें विरघळतो व डाख घट्ट बसते. आम्ल मेलें हें खरें, परंतु त्याचा दाहकपणा मेलेला नसतो. शिवाय ही क्रिया चालू असतां निघणारा हायड्रोजन वायु ज्वालाग्राही आहे. जवळ बिडी पेटविली किंवा स्टोव्ह चालू असला तर भडका उडतो. म्हणून हें काम बंद खोलींत कधींहि करूं नये.

युरोपांत एकोणिसाव्या शतकांत या लवणाची मोठी चलती होती. सर विल्यम बर्नेट या ब्रिटिश आरमारी वैद्यानें १८३८ सालीं लाकूड कुजूं नये म्हणून तें झिंक क्लोराइडाच्या द्रावणांत मुरविण्याची कृति पेटंट केली. पुढें याच द्रावणाचा जंतुनाशक म्हणून प्रसार झाला व तें बर्नेटच्या नांवानेंच दुकानांतून विकलें जाऊं लागलें. दिसावयास तें पाण्यासारखें स्वच्छ. त्यामुळें औषध समजून किंवा पेय समजून तें चुकून प्याल्याचीं व त्यांत माणसें दगावल्याचीं उदाहरणें त्या काळच्या वैद्यकीय ग्रंथांतून नमूद आहेत. रेल्वेचे लाकडी स्लीपरहि या द्रावणांत मुरवीत असत, आणि ते उचलणाऱ्या मजुरांच्या बोटांवर व हातांवर व्रण पडल्याचें आढळून आलें. म्हणजे या पदार्थाच्या दोन खोडी फार पूर्वींपासून ठाऊक आहेत: तो पाण्याचें सोंग घेतो, आणि कातडीवर राहिला तर खोल व्रण करतो.

आतां त्याच्या मुख्य गुणाकडे वळूं. झिंक क्लोराइडाला पाण्याची विलक्षण हांव आहे. खोलीच्या उष्णमानांत १०० ग्रॅम पाण्यांत मिठाचे फार तर ३६ ग्रॅम विरघळतात. या लवणाचे ४०० ग्रॅमांहूनहि अधिक विरघळतात. बाटलीचें झांकण उघडें राहिलें तर तें हवेंतील बाष्प ओढून घेतें, प्रथम चिकट होतें, मग ढेकळें बनतात आणि शेवटीं स्वतःच शोषलेल्या पाण्यांत विरघळून दाट रस होतो. खानदेशांतील वैशाखाची हवा आपणांस अगदीं कोरडी वाटते. परंतु तीतूनहि हें लवण ओलावा शोधून काढतें, मग आषाढ-श्रावणाची गोष्टच बोलावयास नको. पाणी घेतांना तें उष्णता बाहेर टाकतें. यासाठींच तें ओल्या हातावर, घामेजलेल्या कपाळावर किंवा डोळ्याच्या ओलसर पडद्यावर पडलें म्हणजे दोन तऱ्हांनीं अपाय करतें. एक तर तेथलें पाणी ओढून घेऊन उष्णता निर्माण करतें. आणि दुसरें असें कीं, त्याचें द्रावण आम्लधर्मी असल्यामुळें मांसांतील प्रथिनें गोठवितें. आग प्रथम फारशी जाणवत नाहीं, म्हणून मनुष्य हात धुण्याची टाळाटाळ करतो; व्रण मात्र पुढें उघडा पडतो व भरून येण्यास वेळ घेतो.

त्याचा आणखी एक चमत्कारिक गुण सांगण्यासारखा आहे. त्याचें तीव्र द्रावण कागद व कापूस यांतील सेल्युलोज विरघळवितें. विद्यार्थ्यानें असें द्रावण नेहमींच्या गाळण-कागदांतून गाळण्याचा प्रयत्न केला तर कागद लिबलिबीत होऊन फाटतो, आणि सारें द्रावण खालीं कोसळतें. कित्येक अपघातांचें मूळ अशा साध्या अज्ञानांत असतें. तें गाळावयाचें तर कांचेच्या लोकरींतून गाळावें. तसेंच सुती कापडाचा अंगरखा हें त्यापासून पुरेसें संरक्षण आहे असेंहि समजूं नये. कपड्यावर सांडल्यास कपडा तात्काळ उतरवावा.

प्रयोगशाळेंत याची गरज विशेषतः कशासाठीं पडते? अल्कोहोल कोणत्या वर्गाचें आहे हें ओळखण्याची एक कसोटी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ हॉवर्ड ल्युकस यानें १९३० सालीं सुचविली. उच्च माध्यमिक वर्गापासून पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना ती शिकवितात. निर्जल झिंक क्लोराइड तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लांत विरघळवून हें अभिकारक तयार करतात. तृतीयक अल्कोहोल त्यांत टाकतांच द्रव गढूळ होतो, द्वितीयक असेल तर कांहीं मिनिटांनीं होतो, आणि प्राथमिक असेल तर साध्या उष्णमानांत स्वच्छच राहतो. कसोटी सुंदर आहे; परंतु तिच्यांत दोन दाहक पदार्थ एकत्र आणले जातात व ते मिसळतांना पात्र चांगलेंच तापतें. म्हणून पात्र बर्फाच्या पाण्यांत ठेवून, आम्लांत लवण थोडें थोडें घालीत, हळूहळू ढवळावें. सगळें लवण एकदम ओतूं नये. ही कृति विद्यार्थ्यांच्या हातीं न देतां शिक्षकानें स्वतः करावी हें उत्तम. विद्यार्थ्याला कसोटीसाठीं लागतें तें अभिकारक एक-दोन मिलिलिटरच. त्यापेक्षां अधिक त्याच्या मेजावर असण्याचें कारण नाहीं.

खरा धोका याच्या आधींच्या पायरींत दडलेला असतो. कसोटीला निर्जल लवण हवें असतें, आणि बाटलींतील लवणाला तर ओल आलेली असते. मग कोणीतरी तें चिनी मातीच्या बशींत घालून ज्योतीवर तापवितो व पाणी उडवून लावण्याचा यत्न करतो. पाणी जातें, पण त्याबरोबर कांहीं लवणाचें विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइडाच्या वाफा निघतात. उष्णता वाढली कीं २९० अंशांच्या सुमारास लवण वितळतें, आणि आणखी तापविल्यास त्याचा पांढरा धूर होऊं लागतो. तो धूर हवेंतील बाष्पाशीं मिळून दाट धुक्यासारखा पसरतो. हें काम धूर बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटांत, म्हणजे ज्याला फ्यूम हूड म्हणतात त्यांतच झालें पाहिजे. ज्या शाळेंत असें कपाट नाहीं, तिनें ओल आलेलें लवण सुकविण्याच्या भरीस पडूं नये. लहान बाटली नवी मागवावी. तिची किंमत एका फुप्फुसापेक्षां फारच थोडी आहे.

या धुराचें सामर्थ्य किती आहे हें युद्धांत दिसून आलें. शत्रूच्या दृष्टीपासून सैन्य झांकण्यासाठीं जे धूरगोळे वापरीत, त्यांतील एका प्रसिद्ध मिश्रणांत झिंक ऑक्साइड, हेक्साक्लोरोईथेन व अल्युमिनियमची भुकटी हे पदार्थ असतात. तें पेटलें म्हणजे झिंक क्लोराइडाचाच दाट पांढरा धूर होतो. उघड्या मैदानांत तो वाऱ्यानें पातळ होतो. परंतु दुसऱ्या महायुद्धांत एका बोगद्यांत असे धूरजनक डबे पेटले आणि सुमारें सत्तर माणसें त्या धुरांत सांपडलीं. त्यांपैकीं दहा मृत्यु पावलीं. हा वृत्तांत १९४५ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. यांतून जो धडा मिळाला तो असा कीं, पदार्थ तोच असला तरी मोकळी हवा आणि कोंडलेली जागा यांत जीवनमरणाचें अंतर आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पितळ ओतणारे व जस्ताचा मुलामा असलेल्या नळ्यांना वेल्डिंग करणारे कामगार यांना एक ज्वर येतो, हें पुष्कळांना ठाऊक आहे. संध्याकाळीं थंडी वाजून अंग मोडून येतें, तोंडाला धातूची चव येते, आणि एक-दोन दिवसांत सारें निवळतें. तो ज्वर झिंक ऑक्साइडाच्या धुरामुळें येतो. तो त्रासदायक असला तरी बहुधा आपोआप बरा होतो, म्हणून 'जस्ताच्या धुरानें काय होतें, उद्यां बरें वाटेल' अशी एक समजूत कारागिरांत रूढ झाली आहे. क्लोराइडाच्या धुराला ही समजूत लागू करणें अत्यंत घातक आहे. त्यानें प्रथम घसा खवखवतो, खोकला येतो, छातींत आवळल्यासारखें होतें; मग कांहीं तास बरें वाटतें आणि मनुष्य घरीं जातो. पुढें, कधीं त्याच रात्रीं तर कधीं एक-दोन दिवसांनीं, फुप्फुसांत पाणी सांचून श्वास कोंडूं लागतो. मधल्या स्वस्थतेनें फसूं नये. असा धूर ज्याच्या छातींत गेला असेल, त्याला बरें वाटत असलें तरीहि रुग्णालयांत नेऊन देखरेखीखालीं ठेवावें.

हवेंत या धुराचें किती प्रमाण चालेल? कामाच्या आठ तासांच्या सरासरीनें दर घनमीटर हवेंत १ मिलिग्रॅम, आणि पंधरा मिनिटांच्या अल्प काळापुरतें २ मिलिग्रॅम, ही मर्यादा औद्योगिक आरोग्याच्या तज्ज्ञांनीं घालून दिली आहे. हा आंकडा डोळ्यांपुढें उभा राहावा म्हणून एक हिशेब करूं. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा खोलींत ३६ घनमीटर हवा मावते. म्हणजे अवघे ३६ मिलिग्रॅम लवण धूररूपानें हवेंत मिसळलें कीं मर्यादा गांठली गेली. चिमूटभर मिठाच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाएवढें तें भरतें. खिडक्या बंद असतील तर एका बशींतील धूर पुरेसा आहे, हें यावरून कळून येईल.

आतां वापराचे नियम थोडक्यांत सांगतों. बाटली कांचेची किंवा जाड प्लास्टिकची, घट्ट बसणाऱ्या पेंचाच्या झांकणाची असावी. ती सिलिका जेल किंवा कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या दुसऱ्या बंद डब्यांत ठेवावी. धातूच्या डब्यांत हें लवण ठेवूं नये. ओल आली कीं तें लोखंड व अल्युमिनियम खातें. सायनाइड व सल्फाइड जातीच्या लवणांशेजारीं तर तें कदापि नसावें, कारण त्याच्या आम्लधर्मी रसाशीं त्यांचा संबंध आला असतां प्राणघातक वायु निघूं शकतात. फळी डोळ्यांच्या उंचीहून वर असूं नये. वरून बाटली काढतांना ती चेहऱ्यावरच पालथी होते. वजन करतांना नायट्राइलचे हातमोजे आणि कडेनेंहि बंद असलेला संरक्षक चष्मा घालावा. वाचण्याचा चष्मा हें संरक्षण नव्हे. द्रावण करतांना पाण्यांत लवण घालावें, लवणावर पाणी ओतूं नये. द्रावण दुधाळ झालें तर घाबरूं नये. तें त्याच्या ऑक्सिक्लोराइडामुळें होतें व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एक-दोन थेंबांनीं स्वच्छ होतें. तोंडानें नळींत द्रव ओढण्याची जुनी रीत मात्र कायमची बंद झाली पाहिजे.

एवढें करूनहि अपघात झालाच, तर पहिलीं कांहीं मिनिटेंच महत्त्वाचीं. कोरडी भुकटी अंगावर पडली असल्यास ती प्रथम कोरड्या कापडानें झटकावी आणि मग भरपूर वाहत्या पाण्यानें निदान पंधरा मिनिटें धुवावें. थोडेंसें पाणी लावल्यानें उलट उष्णताच वाढते. डोळ्यांत गेल्यास पापण्या बोटांनीं उघड्या धरून वीस मिनिटेंपर्यंत संथ धारेनें डोळा धूत राहावें, आणि धुणें संपल्यावरच दवाखान्याची वाट धरावी. डोळ्यांत दूध, तूप, गुलाबपाणी असलें कांहींहि घालूं नये, व सोड्यानें आम्ल मारण्याचा प्रयत्नहि शरीरावर करूं नये. पोटांत गेल्यास तोंड खळखळून धुवावें. मिठाचें पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय येथें घातक आहे, कारण जो पदार्थ जातांना अन्ननलिका जाळतो तोच परत येतांना ती पुन्हां जाळतो. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि रोग्याबरोबर ती बाटलीहि, निदान तिच्यावरील नांव तरी, डॉक्टरांकडे न्यावें.

सांडलेलें कोरडें लवण प्लास्टिकच्या सुपलीनें गोळा करावें. द्रावण सांडलें असेल तर त्यावर धुण्याचा सोडा पसरावा. जस्ताचें न विरघळणारें पांढरें कार्बोनेट बनतें, तें खरवडून वेगळ्या डब्यांत भरावें. तें मोरींत लोटून द्यावयाचें नाहीं. या लवणाच्या बाटलीवर लाल चौकटींत एक सुकलेलें झाड व एक मेलेला मासा काढलेला असतो. जलचरांना तें फार विषारी आहे, असा त्याचा अर्थ. वरणगांवपासून हतनूरचें धरण जवळच आहे, आणि या भागांतील ओढे-नाले अखेर तापीलाच मिळतात. प्रयोगशाळेची मोरी कोठें उघडते याचा विचार प्रत्येक रसायन-शिक्षकानें एकदां तरी केला पाहिजे.

शेवटीं एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. रसायनशाळेंतील धोका कोणाला अधिक? शिक्षक पुस्तक वाचलेला असतो. विद्यार्थी वर्षांतून दोन-तीन वेळां ती बाटली हाताळतो. परंतु रोज फळ्या पुसणारा, परीक्षानळ्या धुणारा, फुटलेली बाटली उचलणारा आणि केराची टोपली रिकामी करणारा जो परिचर, तो वर्गांत बसलेला नसतो, आणि बाटलीवरचें इंग्रजी नांव पुष्कळदां त्याला वाचतां येत नाहीं. ज्याचा संबंध सर्वांत अधिक, त्यालाच माहिती सर्वांत थोडी, अशी ही विपरीत स्थिति आहे. तिच्यावर उपाय खर्चाचा नाहीं. प्रत्येक बाटलीवर देवनागरी अक्षरांत नांव, 'दाहक' हा शब्द आणि बाटली प्रथम उघडल्याची तारीख लिहावी. चिठ्ठी गळून पडलेल्या जुन्या बाटल्यांतील पदार्थाचा वासावरून किंवा रंगावरून तर्क न करतां त्या वेगळ्या काढून ठेवाव्यात. आणि शाळा उघडतांच शिक्षकानें परिचराला बरोबर घेऊन फळीपुढें अर्धा तास उभें राहावें व कोणती बाटली कशी धरावी, सांडली तर काय करावें, हें त्याला समजावून द्यावें.

विज्ञान शिकविणें म्हणजे केवळ सूत्रें पाठ करविणें नव्हे. ज्या वस्तूला हात लावावयाचा तिचा स्वभाव ओळखून मग हात लावण्याची संवय जडविणें, हाहि त्याचाच भाग आहे. झिंक क्लोराइड हा उपयुक्त पदार्थ आहे आणि प्रयोगशाळेंतून त्याला हद्दपार करण्याचें कारण नाहीं. त्याला ओळखून वापरणाऱ्याला त्याचें भय नाहीं. पांढऱ्या भुकट्या सगळ्या सारख्याच असें समजणाऱ्याला मात्र तें अवश्य असावें.